आठ महिने वापरून: रात्री उभ्या इलेक्ट्रिक कारची राखण

जुळे सोलापुरातलं उघडं पार्किंग, 15 अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर चार्जिंग, जानेवारी ते ऑगस्ट. एवढ्या काळात पाच गोष्टी वापरून झाल्या: डॅशकॅम (काचेमागचा कॅमेरा), शॉक सेन्सर (गाडीला धक्का बसला की वाजणारा), ट्रॅकर (गाडी कुठे आहे ते सांगणारा), चावीची सिग्नल अडवणारी पिशवी आणि सॉकेटवरची पत्र्याची पेटी. पेटी सगळ्यात साधी, आणि सगळ्यात कामाची तीच.

कार लॉक केली की बहुतेक गाड्यांत चार्जिंगची गन, म्हणजे केबलचं गाडीकडचं टोक, अडकून बसते, ओढून निघत नाही. भिंतीकडचा प्लग मात्र कुणीही उपसतो, आणि वीज गेलेली केबल कापायला मग भीती राहत नाही. म्हणून प्लग कुलपात हवा. फॅब्रिकेशनवाल्याकडून 18 गेज पत्र्याची, 12 बाय 10 इंच, 6 इंच खोल पेटी करून घ्या. तळाला केबलपुरती खाच, खाचेला रबरी बुश. नाहीतर पत्र्याची धार केबलचं आवरण सोलते. बोल्ट पेटीच्या आतून भिंतीत जावेत, बाहेरून पाना लागता कामा नये. पेटी लोखंडाची आहे, तिला आर्थिंग जोडल्याशिवाय वापरूच नका. केबलवरचा कंट्रोल बॉक्स आत कोंडायचा नाही. एप्रिलच्या उन्हात तो तापतो आणि चार्जिंग मध्येच थांबतं. तो बाहेर, सावलीत, हुकाला टांगायचा. तासाभराच्या चार्जिंगनंतर प्लगला हात लावून पाहा; चटका बसत असेल तर सॉकेट सैल झालंय, बदलून टाका.

डॅशकॅमचं गणित नीट समजून घ्या, इथंच बहुतेक जण फसतात. मोठी बॅटरी कितीही भरलेली असो, कॅमेरा चालतो 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर. पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी उभी असताना, तो साधारण 250 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे दिवसाला 6 अँपिअर-तास. बॅटरी 45 अँपिअर-तासांची धरली आणि निम्मीच वापरायची ठरवली, तर साडेतीन-पावणेचार दिवसांत संपते. काही गाड्या उभ्या असताना ती आपोआप भरून घेतात, काही घेत नाहीत. आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. कॅमेरा गाडीच्या वायरिंगला जोडणाऱ्या हार्डवायर किटचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी जिथवर उतरली की तो कॅमेरा बंद करतो तो आकडा, 12.0 व्होल्टवर असेल तर 12.4 वर न्या. लेड-ॲसिड बॅटरी 12.4 ला साधारण पाऊण भरलेली असते, 12.0 ला जेमतेम पाव. ती बसली की रिमोट चालत नाही, गाडी सुरू होत नाही. रिमोटमधली लोखंडी चावी दाराच्या कुलपात महिन्यातून एकदा फिरवत जा, धुळीनं ती अडकते.

कॅमेरा आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेलाच घ्या. बाहेर 43 अंश असताना बंद गाडीत 60 च्या वर जातं आणि कॅमेऱ्यातली लिथियम बॅटरी फुगते. साधं मेमरी कार्डही असल्या उन्हात सतत रेकॉर्डिंगला टिकत नाही, हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या.

कंपनीचा अलार्म बहुतेक वेळा दार किंवा बॉनेट उघडल्यावरच वाजतो. काच फोडून हात घालून बॅग काढली तर तो गप्प बसू शकतो. शॉक सेन्सर त्यासाठी. त्याची संवेदनशीलता मधल्या खुणेवर ठेवा. गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की वरच्या खुणेवरचा सेन्सर एकसारखा कोकलतो, आणि चार वेळा उगाच वाजलेल्या अलार्मकडे पाचव्यांदा कुणी ढुंकूनही बघत नाही.

ट्रॅकर बॅटरी कमी खातो, दिवसाला साधारण एक अँपिअर-तास. फक्त गाडी बंद पाडणारी रिले लावायच्या फंदात पडू नका: वायर कापली की वॉरंटी अडचणीत येते. नारिंगी वायरींना तर कुणालाच हात लावू देऊ नका, त्या उच्च दाबाच्या असतात.

चावीची पिशवी महिन्यातून एकदा तपासा. चावी आत घालून दाराशी उभं राहायचं आणि हँडलचं बटण दाबायचं. दार उघडलं तर घडीवर आतलं अस्तर तुटलंय, पिशवी गेली.

काळ्या फिल्मचा विचार सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालानंतर तिच्यापायी दंडच होतो.

मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग ठेवून वर सोलापुरी चादर टाकायची सवय पुष्कळांना आहे. चादरीखालचा तो उंचवटाच चोराला बोलावतो. बॅग घरी न्या, चादरही न्या. डॅशबोर्डचा कप्पा रिकामा करून उघडाच ठेवा, म्हणजे आत काही नाही हे बाहेरूनच दिसतं. आतला दिवा मात्र बंद झालाय ना, बघा. आणि मोबाईल होल्डर काढला की काचेवर उमटलेला गोल डाग ओल्या फडक्यानं पुसा. तो डाग दिसला की कप्प्यात मोबाईल असेल या आशेनंही काच फुटते.