वूफरचा फोम गेला: परत फोम, रबर की सरळ नवा वूफर?

ऐंशी-नव्वदच्या दशकातले स्पीकर घरात असतील तर जाळी काढा आणि वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, कडेला हलकेच बोट लावून बघा. कोन (आत-बाहेर हलणारा पडदा) आणि चौकट यांना जोडणारी फोमची रिंग बोटाला चिकटली किंवा तिचा भुगा पडला, तर तो सेट लगेच वाजवणं थांबवा. ही रिंग पॉलियुरेथेन फोमची असते आणि हवेतल्या दमटपणाने साधारण 10 ते 20 वर्षांत कुजते. वापर कमी म्हणून वाचेल असं नाही. कोकणात माळ्यावर जपून ठेवलेला सेटही यातून सुटत नाही.

पण आधी कॉइल, म्हणजे कोनमागची चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी, तपासा. कोनवर दोन्ही बाजूंना बोटं ठेवून सारख्या दाबाने आत ढकला. कोन अलगद आत-बाहेर झाला आणि मल्टिमीटरवर 8 ओहमचा वूफर 6 च्या आसपास दाखवत असेल, तर नुसत्या रिंगवर काम भागतं. फोम पार फाटला असेल तर कोन एका बाजूला कलून थोडी खरखर येते. तो मध्यावर धरून पुन्हा बघा. तरीही कॉइल घासत असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर रिंगचा खर्च करू नका.

आता फोम की रबर? दुकानदार बहुधा रबरच पुढे करेल, कारण ते कुजत नाही आणि एकदा बसवलं की पुढची कित्येक वर्षं बघावं लागत नाही. हे खरंच आहे. पण रबर फोमपेक्षा जड असतं. हलणाऱ्या भागाचं वजन वाढलं की वूफर थोडा मंद होतो आणि तेवढ्याच पॉवरला आवाज कमी देतो. खोक्याला बास पोर्टचं भोक असेल तर फरक जास्त जाणवतो, कारण ते खोकं मूळ वूफरचा हिशोब करूनच बनवलेलं असतं. बंद खोक्यात मात्र आतली हवाच मुख्य स्प्रिंगचं काम करते, म्हणून रिंग थोडी कडक निघाली तरी एवढं बिघडत नाही. वजनाचा मुद्दा तिथेही राहतोच. माझं मत विचाराल तर मूळ फोम असेल तिथे फोमच. पंधरा वर्षांनी पुन्हा बदलावा लागला तर लागू दे, आवाज तरी ओळखीचा राहतो.

स्वतः करायचं की कारागिराकडे द्यायचं, याचा निकाल रिंग चिकटवण्यावर लागत नाही. वेळ खातो तो जुना डिंक. कोनच्या कडेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो तासन्‌तास खरवडावा लागतो, आणि कागदी कोन घाईत फाटतो. दुसरी अवघड गोष्ट कॉइल मध्यावर आणणं. कारागीर डस्ट कॅप (कोनच्या मधोमधची टोपी) कापून कॉइलच्या आत चारी बाजूंनी पातळ पट्ट्या सरकवतो. घरी करणारे बरेच जण कॅप न कापता 30 हर्ट्‌झचा सूर अगदी हळू वाजवत ठेवतात आणि खरखर थांबेपर्यंत ओला डिंक असलेली कड सरकवत राहतात. हात स्थिर आणि रविवार मोकळा असेल तर जमण्यासारखं आहे. कोन पॉलीप्रॉपिलीनचा असेल तर पांढरा फेव्हिकॉल धरत नाही. त्यासाठी वेगळा डिंक लागतो, आणि अशा वेळी मी तरी सरळ कारागिराकडे जाईन.

नवा वूफर घेण्यात अर्थ आहे तो कॉइल जळली असेल किंवा मूळ स्पीकरच साधा असेल तेव्हा. चांगल्या सेटमध्ये मात्र नुसता इंच आणि ओहम जुळून भागत नाही. नवा वूफर ट्विटरपेक्षा (उंच सूर वाजवणाऱ्या छोट्या भागापेक्षा) मोठ्याने किंवा हळू वाजला तर क्रॉसओव्हरने (दोघांत सूर वाटून देणाऱ्या सर्किटने) साधलेला तोल जातो, आणि मग दुसऱ्या बाजूचा वूफरही बदलावा लागतो.

रिंग मागवताना ‘8 इंची’ एवढंच सांगू नका. त्याच नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या रिंगा मिळतात. कोनचा बाहेरचा व्यास, चौकटीवर जिथे रिंग चिकटते त्याचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि कोनवर चिकटणारी कड सपाट आहे की तिरकी, हे सगळं मिलिमीटरमध्ये लिहून द्या. एकाच बाजूचा फोम फाटला असला तरी रिंगा दोन्ही बाजूंसाठी घ्या. दुसरी त्याच वयाची आहे.