क्लेमेंट की फॉबस?

१९५०च्या दशकातल्या अमेरिकेतले हे दोन गव्हर्नर: टेनेसी राज्याचा फ्रँक क्लेमेंट आणि आर्कान्साचा ऑर्व्हल फॉबस. यांच्यात बरा कोण? फेडरल (केंद्रीय) कोर्टाचा हुकूम दोघांना सारखाच: कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्या. दोघेही डेमोक्रॅट, दोघांच्या हाताशी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव लष्करी दल. सप्टेंबर १९५६ मध्ये टेनेसीतल्या क्लिंटन गावात जमाव खवळला, तेव्हा क्लेमेंटने रणगाड्यांसकट गार्ड पाठवलं. गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र शिक्षणाचा त्याला फार पुळका होता असं नाही. कायदा-सुव्यवस्था राखायची, एवढंच त्याचं म्हणणं. बारा कृष्णवर्णीय मुलं शाळेत टिकावीत, एवढा बंदोबस्त मात्र झाला.

वर्षभराने आर्कान्सामध्ये फॉबसनेही शांततेचंच कारण पुढे केलं आणि गार्डकरवी लिटल रॉक शहरातल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांनाच शाळेत जाण्यापासून अडवलं. ४ सप्टेंबर १९५७ ला त्यांतली पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड एकटीच आली. शिपायांनी तिला आत सोडलं नाही. मागे शिव्या देणारा जमाव. शेवटी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरला लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन धाडावी लागली.

माझं मत क्लेमेंटच्या बाजूने, पण हातचं राखून: १९५८ मध्ये क्लिंटनची शाळा सुरुंगाने उडवलीच. फॉबसचा पवित्रा मात्र कायद्यातही टिकला नाही. त्याच वर्षी ‘कूपर विरुद्ध एरन’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्याचे अधिकारीही शाळांबाबतच्या कोर्टाच्या निकालांना बांधील असल्याचं एकमताने बजावलं. त्यावर फॉबसने लिटल रॉकच्या हायस्कुलांना वर्षभर टाळंच ठोकलं!