भंगारातली मारुती एट हंड्रेड की एस्टीम?
टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या भंगार बाजारातून कुठली गाडी उचलावी? एट हंड्रेड हलकी, साडेसहाशे किलोच्या आसपास. पण इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा साधा भाग. दाबाच्या हवेशी पेट्रोलचं गणित जमवताना नाकी नऊ येतात. एस्टीम जड, पण १२९८ सीसी, चार सिलिंडर, नंतरच्या मॉडेलना इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल कॉम्प्युटर मोजून सोडतो. माझं मत एस्टीमलाच. डिझेल गाडीचा जुना टर्बो स्वस्तात मिळतो, फक्त त्याच्या पंख्याचा दांडा आडवा हलवून बघा. पंखा कडेला घासला की मुकाट्याने परत ठेवा. टर्बोतून इंजिनात तेल परत नेणारी नळी उताराचीच हवी, नाहीतर मागून निळा धूर. असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा, आणि रेसिंगचे ट्रॅक म्हणाल तर चेन्नई, कोइम्बतूर असे लांबचे. गाडी तिथवर न्यायच्या ट्रेलरचं भाडं वेगळं धरा.