फॉरमॅट न मारता नवं पार्टिशन : विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट पुरतं का?

लॅपटॉपमध्ये एकटं सी ड्राइव्ह असलं आणि डी, म्हणजे त्याच डिस्कचा वेगळा भाग (पार्टिशन), हवं असलं, की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायची जुनी सवय आहे. गरज नाही. विंडोजमध्येच असलेलं डिस्क मॅनेजमेंट हे काम फुकटात आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत करतं.

विंडोज की आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. इथे आकडा एमबीमध्ये मागतात आणि तो कापून काढायच्या जागेचा असतो, सी मध्ये उरवायच्या जागेचा नाही. चुका इथेच होतात. १०० जीबीसाठी १०२४०० लिहा. मग काळ्या पट्टीच्या, म्हणजे अनअलोकेटेड जागेवर राइट क्लिक करून न्यू सिम्पल व्हॉल्यूम, एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टम), क्विक फॉरमॅट. हा ‘फॉरमॅट’ शब्द बघून घाबरू नका, तो फक्त नव्या कोऱ्या जागेचा असतो.

खरी कटकट वेगळीच. सी वर ३०० जीबी मोकळी, पण श्रिंक होतंय जेमतेम १५ जीबी! कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), हायबरनेशन फाइल (झोपवताना रॅममधलं साठवायची), रिस्टोअर पॉइंट्स (विंडोज मागच्या स्थितीत न्यायच्या नोंदी) अशा फाइली जागच्या हलवता येत नाहीत, आणि त्यातली शेवटची जिथे बसलेली असते त्याच्या अलीकडे हे टूल कापत नाही. उपाय असा : ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /h off’ (यानं हायबरनेशन बंद होतं), पेजफाइल आणि सिस्टम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट्स बनवणारं) तात्पुरतं बंद, रीस्टार्ट, मग श्रिंक. (जुने रिस्टोअर पॉइंट्स यात जातात.) काम झालं की तिन्ही परत चालू करा, पेजफाइल बंदच राहिली की रॅम भरल्यावर प्रोग्रॅम कोसळतात.

पार्टिशनची नोंद जुन्या एमबीआर पद्धतीनं ठेवणाऱ्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन बसतात. पाचवं करायला गेलात तर डिस्क ‘डायनॅमिक’ करू का, असं विचारलं जातं. नाही म्हणा. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर हा प्रश्न येत नाही.

टूल तोकडं पडतं ते एकाच ठिकाणी, पण वारंवार. २५६ जीबीची डिस्क जशीच्या तशी उतरवून (क्लोन करून) १ टीबी एसएसडी बसवली, की उरलेली जागा शेवटी राहते आणि मध्ये विंडोज दुरुस्तीचं रिकव्हरी पार्टिशन. सी ला लागून उजवीकडे मोकळी जागा नसेल तर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकंच दिसतं. पार्टिशन सरकवणं या टूलला येतच नाही. तिथे जीपार्टेड घ्या : मोफत, पेन ड्राइव्हवरून बूट होणारं. आधी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करून पूर्ण शटडाउन करा, नाहीतर जीपार्टेड एनटीएफएसला हात लावायला नकार देतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर डिस्क आधी पूर्ण डिक्रिप्ट करा. भरलेलं पार्टिशन सरकवायचं म्हणजे सगळा डेटा नव्या जागी लिहिला जातो, त्यात तास जातात आणि मध्येच वीज गेली तर डेटा जाऊ शकतो. पावसाळ्यात सोसायटीचा मीटर ट्रिप होत असेल तर डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा.

श्रिंक असो की जीपार्टेड, आधी बॅकअप, आणि तो बाहेरच्या डिस्कवर. नव्या डी वर ठेवलेली कॉपी बॅकअप नव्हे. डिस्क गेली की सी आणि डी एकदमच जातात.