प्राण्यांची अंकगाणी: पुस्तक घेताना 'सात'चं पान उघडा

दीड ते चार वर्षांच्या मुलांसाठी प्राण्यांच्या अंकगाण्यांची मराठी पुस्तकं साधारण चार रूपांत मिळतात: पिन मारलेली पातळ, जाड पुठ्ठ्याची, कापडाची आणि बटण दाबल्यावर वाजणारी. यातलं कुठलंही हातात घेतलं की थेट 'सात'चं पान उघडावं. तिनापर्यंत चित्र कसंही काढलं तरी चालून जातं, कारण तेवढे प्राणी मुलाला न मोजताही एका नजरेत कळतात. पाचाच्या पुढे मात्र पुस्तक करणाऱ्यानं किती विचार केलाय ते उघडं पडतं.

आधी गाणं मोठ्यानं म्हणून बघा. यमक कुठे पडतंय? चांगल्या अंकगाण्यात ते आकड्यावर पडतं. 'पाच बेडूक, पाच, पावसामध्ये नाच' किंवा 'आठ बगळे, आठ, धरून बसले काठ' अशी रचना असेल, तर मुलाला पुढचा शब्द आठवताना आकडाच आधार देतो. आता हे बघा: 'नऊ अस्वले जंगलामध्ये झोपलेली आहेत छान, दहा सिंह तेथे आले हलवत आपली मान.' इथे छान-मान लक्षात राहतात आणि नऊ-दहा वाहून जातात. नऊच्या जागी सहा घातला तरी ओळीचं काही बिघडत नाही, हीच तिची उणीव. इंग्रजीवरून घाईनं उतरवलेल्या पुस्तकांत हे फार होतं, कारण तिथलं आकड्याचं यमक मराठीत येताना गळून पडतं आणि भरतीला 'छान', 'मस्त', 'गोल' येतात.

मराठी आकडे यमकाला एकसारखे सोपे नाहीत, हे मान्य करायला हवं. चारला दार, घार, फार. सातला हात, भात, रात. नऊला मऊ, खाऊ, भाऊ. सहा आणि दहाला पहा, चहा. अडतं ते दोन आणि तीनपाशी. दोनला 'कोण' किंवा 'फोन', तीनला 'बीन', एवढ्यावरच भागवावं लागतं. दोन-कोण हे यमक काटेकोर नसलं तरी कानाला गोड लागतं, आणि 'कोण?' हा प्रश्न मुलाला बोलतं करतो. त्यामुळे चित्रं जोखायची 'सात'च्या पानावर, पण यमक जोखायचं ते दोन-तीनच्या पानांवर. चार आणि सात कुणालाही जमतात.

दुसरी गोष्ट बोटाची. गाण्यात कुठेतरी प्रत्येक प्राण्यावर एकदाच बोट टेकवायला जागा हवी. सगळ्यात सरस रचना म्हणजे जितके प्राणी तितके आवाज: पाच बेडकांखाली पाच वेळा 'डराव', सात चिमण्यांखाली सात वेळा 'चिव'. नुसतं 'सात चिमण्या उडाल्या' लिहून पुढे जाणारं पुस्तक आकड्यांची नावं पाठ करून घेतं. मोजणं शिकवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याची जी तत्त्वं मांडली, त्यांत एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा ठरलेला क्रम आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या ही तीन या वयात रोज कामाला येतात. दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला 'तीन बदकं दाखव' म्हटलं की ते सगळ्या बदकांवर हात फिरवतं, ते तिसरं तत्त्व अजून आलेलं नसतं म्हणून. पुस्तकानं शेवटी 'किती बदकं? सात!' असं वळण दिलेलं असेल तर इथे खरी मदत होते.

चित्रांत नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. प्राणी एकमेकांवर चढलेले असतात, एखाद्याचं फक्त शेपूट पानाबाहेर जाताना दिसतं, किंवा एखादा नेमका दोन पानांच्या मधल्या घडीत बसतो आणि अर्धा-अर्धा दोनदा मोजला जातो. सहा सशांच्या पानावर शोभेला तीन फुलपाखरं काढली की मूल नऊ मोजतं, आणि ते बरोबरच असतं. सहापासून पुढे पाच एका ओळीत आणि उरलेले खाली अशी मांडणी असलेलं पुस्तक उत्तम, कारण सात म्हणजे पाच आणि दोन हे डोळ्यांना आपोआप कळू लागतं. कोळी आणि खेकडे असतील तर पायही मोजून घ्या: कोळ्याला आठ, मुंगीला सहा, खेकड्याला नांग्या धरून दहा. सहा पायांचे कोळी सर्रास दिसतात.

प्राण्यांच्या निवडीकडे कुणी फारसं बघत नाही, पण मराठीत तिला मोठं महत्त्व आहे. वाघ, हत्ती, उंदीर, बेडूक, साप यांची रूपं अनेकवचनात बदलत नाहीत. उलट घोडा-घोडे, चिमणी-चिमण्या, म्हैस-म्हशी, बदक-बदकं, कोकरू-कोकरं यांत दर वेळी वेगळा बदल ऐकू येतो. एकाच पुस्तकात हे सगळे नमुने आले तर मोजता मोजता अनेकवचनही तोंडात बसतं. नुसत्या जंगली प्राण्यांच्या पुस्तकांत ही संधी वाया जाते. गोठ्यातले आणि अंगणातले प्राणी असलेलं पुस्तक म्हणूनच आम्ही वर ठेवतो. 'बदके', 'कोकरे' असं छापलेलं असेल तर वाचताना बेधडक 'बदकं', 'कोकरं' म्हणा.

आकडे देवनागरी हवेत आणि मोठे हवेत. ३ आणि ६ ही जवळपास आरशातली रूपं आहेत, ती मुलं हमखास उलटी ओळखतात. दोन्ही पानांवर रंग वेगळा असेल तर फरक पडतो. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही लिप्यांतले आकडे शेजारी-शेजारी छापलेलं पुस्तक तीन वर्षांपर्यंत टाळलेलं बरं.

दहाच्या पुढे जाणारी पुस्तकं या वयाला नकोतच. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी, एकवीस म्हणताना आधी एक आणि लिहिताना आधी दोन. या गुंत्यामुळेच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी पद्धत आली आणि राज्यभर वाद झाला. दुसरीत जे जड जातं ते बालवाडीत कशाला? त्यापेक्षा पाचापासून शून्यापर्यंत उतरत जाणारं, एकेक प्राणी निघून जाणारं पुस्तक घ्या. त्यातलं शून्याचं रिकामं पान मुलांना फार आवडतं.

आता बांधणी. दहा आकड्यांना प्रत्येकी समोरासमोरची दोन पानं द्यायची तर २० पानं लागतात. दहा-बारा पानांच्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात दोन-दोन आकडे कोंबलेले असतात, ते मुलाला वेगळे करता येत नाहीत. कोपरे गोल हवेत, आणि पुठ्ठ्याचे थर कडेला सुटतायत का ते नखानं बघावं. चावणारं मूल तिथूनच सुरुवात करतं. पिनेची पुस्तकं स्वस्त आणि अनेकदा गाण्यांना सगळ्यात चांगली, पण सैल पीन धोक्याची. दीड वर्षाच्या हातात ती एकटी देऊ नयेत. कापडी पुस्तकांत आकडे धुऊन पुसट होतात. वाजणारी पुस्तकं आम्ही सुचवत नाही: गाणं स्वतःच्या वेगानं धावतं, मुलाचं बोट मागे राहतं. घ्यायचंच असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. बटणासारखा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते आणि तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं.

वाचताना एक अडचण हमखास येते. एक ते दहामध्ये सहा, नऊ आणि दहा हे दोन ठोक्यांचे शब्द आहेत, बाकी सगळे एका ठोक्याचे. त्यामुळे मूल 'स' म्हणताना एका सशावर आणि 'हा' म्हणताना दुसऱ्यावर बोट ठेवतं, आणि मोजणी एकानं चुकते. 'चुकलं' म्हणू नका. त्याचं बोट आपल्या हातात धरून 'सहा' पूर्ण होईपर्यंत त्याच सशावर थांबा. पहिले काही दिवस फक्त चालीवर म्हणा, मग बोट लावा, आणि यमकाचा शब्द मुलासाठी मोकळा सोडणं सगळ्यात शेवटी. 'किती?' एका पानावर एकदाच विचारा.

पैसे घालण्याआधी अंदाज घ्यायचा असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. जाड कागदावर छापून लॅमिनेशन केलंत तर कोपरे कात्रीनं गोल कापा. लॅमिनेशनचं टोक डोळ्याला लागतं.