‘सगळं कव्हर आहे हो, काका’ म्हणणाऱ्या एजंटापासून सावध

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमिश मंडळींची, म्हणजे श्रद्धेपोटी साधेपणानं राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाची, व्हॅननं ने-आण करणारे आपलेही काही जण आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. ते गाडी बाळगत नाहीत, चालवत नाहीत, पण पैसे देऊन बसतात.

व्हॅनच्या विम्यापोटी मी भरले ३,१६० डॉलर. झेलवरून (फोनवरून बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय), एजंट म्हणवणाऱ्या भामट्याच्या स्वतःच्या खात्यात. गणपतीत ओळख झालेली, सोलापूरकडचा, घरी जेवून गेलेला. कमर्शिअल पॉलिसीचं कोटेशन ८,७०० आलं होतं. हा म्हणाला, “काका, एवढे कशाला घालवता? पर्सनल पॉलिसीलाच एंडॉर्समेंट, म्हणजे पुरवणी, लावून देतो.”

कागदावर ‘वापर’ या रकान्यात ‘खासगी’ लिहिलं होतं. मी विचारलं, विचारलं नाही असं नाही! तो हसला. “सिस्टीममध्ये तसंच येतं. कोणी विचारलंच तर सांगा, ओळखीचे आहेत, पेट्रोलचे पैसे वाटून घेतो.” तिथंच त्याला दार दाखवायला हवं होतं. रात्री आठवलं की अजून डोकं तडकतं. पण मेख अशी, की ते पुरतं खोटं नव्हतं. खर्च वाटून घेणारं कारपूल पर्सनल पॉलिसीत खरंच चालतं. मी घेत होतो मैलामागे १.४० डॉलर आणि थांबण्याचे वेगळे, ही मात्र वाटणी नाही, भाडं झालं. आणि भाड्यानं माणसं नेणं त्या पॉलिसीतून सरळ वगळलेलं असतं. हे ऐकायला वकिलाला ३०० मोजले.

जानेवारीत रूट ३० वर व्हॅन बर्फावरून घसरून पुढच्या गाडीवर गेली. मागच्या सीटवरच्या आमिश आजींचं मनगट मोडलं. कंपनीचा पहिलाच प्रश्न, “प्रवाशांनी पैसे दिले होते का?” आजी खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत, मीही बोललो नाही. क्लेम नामंजूर. एंडॉर्समेंटची तर कंपनीकडे नोंदच नव्हती! व्हॅनचे ६,४८०, समोरच्याचे ४,२१५, सगळे माझ्या खिशातून. आजींच्या घरच्यांनी कोर्टाचं नावही काढलं नाही. त्यांच्यात खटले भरत नाहीत; हॉस्पिटलचं बिल समाजानं मिळून भरलं. मला तोंड दाखवायला लाज वाटते.

पैसे कंपनीच्याच नावे भरा. झेल मागितलं की उठा.

तक्रारीचं विचारूच नका. एक सरकारी खातं म्हणालं, तो लायसन्सधारक एजंटच नाही, मग आम्ही कारवाई कुणावर करणार? अहो, लायसन्स नसताना विमा विकतो, हीच तर तक्रार! पोलिसांनी ‘दिवाणी मामला’ म्हणून वाटेला लावलं. बँक म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. आणि आणखी एका सरकारी खात्यानं उलट मलाच पत्र धाडलं, परवाना नसताना भाडं घेत होतात का? चोर सोडून संन्याशाला फाशी.

परवान्याचं मात्र खरं आहे. पेनसिल्व्हेनियात याला पीयूसीचा, म्हणजे राज्याच्या पब्लिक युटिलिटी कमिशनचा, पॅराट्रान्झिट (भाड्यानं प्रवासी नेण्याचा एक प्रकार) परवाना लागतो, आणि श्रद्धेमुळे गाडी न बाळगणाऱ्या प्रवाशांपुरताही तो मिळतो. विम्याचा दाखला, म्हणजे फॉर्म ई, विमा कंपनी थेट त्या कमिशनकडे पाठवते. एजंटानं हातात दिलेल्या कागदावर गाडी काढू नका. शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या बाजारात माणसं नेणाऱ्यांनो, राज्याची हद्द ओलांडली की संघीय नियम लागतो, बारा सीटच्या व्हॅनला १५ लाख डॉलरची लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा. ती ३,१६० मध्ये कोण देणार?

माझी तक्रार अजून ‘विचाराधीन’ आहे. तो सध्या घरांचे विमे विकतोय.