पाडव्याच्या पहाटेचे चौऱ्याऐंशी पास

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं वर्गणीला आली की आमच्या सोसायटीत त्यांची उलटतपासणी होते. गेल्या वर्षीचा हिशेब कुठाय, धर्मादायची परवानगी काढलीत का, स्पीकर किती वाजेपर्यंत लावणार. ही पोरं आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली, तरी एकशे एक्कावन्न रुपयांसाठी त्यांना जिन्यात ताटकळत ठेवतो. आणि त्याच आम्ही, कर्वेनगरातल्या चाळीसेक बिऱ्हाडांनी, एका अनोळखी माणसाला ८६,७०० रुपये दिले. त्यातले ६,२०० माझे. मी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. हे मुद्दाम सांगतेय, म्हणजे "आम्ही नाही बुवा असे फसणार" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

नवरात्रातली गोष्ट. पार्किंगमध्ये पाटावर हत्ती काढून भोंडला चालला होता. गाणी संपत आली होती, खिरापत ओळखायची बाकी होती. तेवढ्यात शेजारच्या सोसायटीतल्या एक वहिनी त्याला घेऊन आल्या. चाळिशीचा असेल. खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम. चपला बाहेर काढून कोपऱ्यात उभा राहिला, शेवटचं गाणं होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. मग म्हाताऱ्या मंडळींच्या पाया पडला. चहा पुढे केला तर म्हणाला, "नवरात्राचे उपास आहेत काकू, नुसतं पाणी चालेल." त्या पेलाभर पाण्यात आमची अर्धी सोसायटी विरघळली.

काम असं होतं. चार वर्षांची मुलगी, हृदयाला छिद्र, आईवडील शेतमजूर. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लेटरहेडवर साडेतीन लाखांचा अंदाजखर्च, खाली गोल शिक्का. नाकात नळी घातलेल्या मुलीचा फोटो. त्याचा ट्रस्ट पाडव्याला कोथरूडच्या एका नाट्यगृहात दिवाळी पहाट करणार आणि सगळी रक्कम या ऑपरेशनला जाणार. पास तीनशे रुपये, देणगी ज्याच्या त्याच्या इच्छेनं.

मला शंका आलीच नाही असं नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर पडद्यावर ट्रस्टच्या जागी कुठल्याशा मोबाईल शॉपीचं नाव आलं. मी विचारलं. तो म्हणाला, "ट्रस्टच्या खात्याचं केवायसी अडकलंय, हे आमच्या खजिनदारांचं दुकान." आणि लगेच पुढे, अगदी हळू आवाजात, "काकू, तुम्ही आत्ता नकाच देऊ. आधी खात्री करा. पोरीचं काय, देवाच्या मनात असेल तसं होईल."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी वर गेले, कपाटातून पाच हजार रोख आणले आणि वर चार पास घेतले. आजवर इतके लबाड पाहिले, पण "देऊ नका" म्हणून पैसे काढणारा हा पहिलाच.

पावती मात्र देखणी होती. मोरपंखी बॉर्डर, नोंदणी क्रमांक, खाली ठळक "८०जी सवलत लागू", म्हणजे देणगीवर आयकरात सूट. आता सांगते ते मला तेव्हाही माहीत होतं, फक्त आठवायला हवं होतं: रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर ८०जीची सवलत मिळतच नाही. खरी संस्था पाच हजार रोख घ्यायला स्वतःच कां-कूं करते, चेक मागते. त्या पावतीवर संस्थेचा पॅन नव्हता. वर्ष संपल्यावर फॉर्म १० बीई हे प्रमाणपत्र मिळेल का, हेही मी विचारलं नाही. नोंदणी क्रमांकाचं नंतर कळलं. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर संस्था शोधता येते. माझ्या भाच्यानं पाच मिनिटांत शोधलं. क्रमांक खरा होता, पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका देवस्थानाचा.

पाडव्याला पहाटे साडेपाचला आम्ही नाट्यगृहापाशी. उटण्याचा वास, नऊवाऱ्या, दोन व्हीलचेअर, एका आजोबांच्या हातात चकल्यांचा डबा, "कलाकारांना देऊ" म्हणून आणलेला. आत कार्यक्रम होता खरा. दुसऱ्याच कुणाचा, त्यांच्या फलकासकट. दारावरच्या मुलानं आमचा पास उजेडात धरला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "काकू, हा आमचा नाही. आमचे पास तर केव्हाच संपलेत." मागून आतल्या तंबोऱ्याचा आवाज येत होता. आमच्यातलं कुणी मोठ्यानं बोललं नाही. भांडायचं तरी कुणाशी? त्याचा फोन बंद होता. पासांचे अनुक्रमांक आम्ही तिथंच फुटपाथवर उभं राहून जुळवले, चौऱ्याऐंशी निघाले.

दिवाळी उलटल्यावर मी त्या रुग्णालयात फोन केला. तिथल्या वैद्यकीय समाजसेविकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या नावाची रुग्ण नाही, अंदाजखर्चावरचा नोंद क्रमांक त्यांच्या पद्धतीचाच नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतच बसले. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते. त्याशिवाय सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शेतमजुराच्या मुलीसाठी दारोदार फिरायच्या आधी हे सगळं तपासलं जातं, आणि त्यानंतरही पैसे कमी पडले तर देणगीदार ते रुग्णालयाच्याच खात्यावर, रुग्णाचा क्रमांक घालून भरू शकतो. "एक फोन केला असतात तर," त्या म्हणाल्या. फोन नंबर लेटरहेडवरच छापलेला होता, आणि तो खरा होता.

पोलिसांकडे गेलो, अर्ज दिला. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवायचं असतं, म्हणजे रक्कम पुढे जायच्या आत गोठवता येते. आम्ही कळवलं तीन आठवड्यांनी. मोबाईल शॉपीवाल्यानं सांगितलं, एक गिऱ्हाईक क्यूआरवर पैसे घ्यायचा आणि त्याच्याकडून रोख घेऊन जायचा, शेकडा दोन रुपये सोडून. त्याला वाटलं, सुट्ट्या पैशांची अडचण असेल. खरं खोटं तो जाणे. रोखीचं तर विचारूच नका, माझ्या पाच हजारांचा पुरावा म्हणजे ती मोरपंखी पावती.

चकल्यांचा डबा आजोबांनी परत येताना रिक्षावाल्याला दिला.

सगळ्यांचा राग निघाला तो त्याला घेऊन आलेल्या वहिनींवर. त्यांच्या स्वतःच्या माहेरच्या-सासरच्या मिळून अकरा पासांचे पैसे गेले होते, ते कुणी धरलं नाही. मार्गशीर्षात त्या मला मंडईत भेटल्या, गाजरं निवडत होत्या. मी विचारलं, तुमची आणि त्याची ओळख कशी? म्हणाल्या, ओळख कसली, देवीच्या देवळात आरतीला दोनदा शेजारी उभा होता. मी म्हटलं, अहो, आम्हाला वाटलं, तुम्ही आणलंय म्हणजे तुमच्या घरातलाच कुणी असणार.

त्यांनी गाजर खाली ठेवलं. "आणि मला वाटलं, तुम्ही बँकेतल्या. क्यूआरचं विचारून सुद्धा तुम्ही वर जाऊन पैसे आणलेत. म्हटलं, यांची खात्री झाली, आता आपण काय बघायचं."